लायब्ररीत सापडली आईची खानावळ

मंडळी, मी सातवी नापास, पण आज घरबसल्या युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत शिरले!

मुलगी लालबागच्या खानावळींवर प्रोजेक्ट करतेय. ऑनलाइन कसं शोधायचं ते शिकवणारे लायब्ररीचे दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ बघून मीच शोधायला बसले. शोधायच्या चौकटीत लिहिलं, ‘माझ्या आईची खानावळ होती, फोटो आहे का?’

“मम्मी, वाण्याला विचारतेस काय? दोनच शब्द टाक!”

‘खानावळ लालबाग’ टाकलं, तर जुन्या मासिकातला फोटो आला. भाकऱ्या थापणाऱ्या सहा बायका. तिसरी माझी आई, बांगड्या कोपरापर्यंत सारलेल्या. तिच्या पंगतीत गिरणी कामगारांना मी पाणी वाढायचे.

खाली छापलंय, ‘कष्टकरी स्त्रिया’. नाव एकीचंही नाही. डोकंच फिरलं.

माझी आई सुलोचना. बाकी पाच जणी कोण? फोटो टाकलाय. ओळखत असाल तर नाव सांगा, मुलगी प्रोजेक्टमध्ये सगळ्यांची नावं लिहिणार आहे.