आबांचा मणका आणि संगणकाचा कौल

द्राक्षांच्या हंगामात पिंपळगावला टेम्पोवर ताडपत्री बांधताना आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, पाय घसरला आणि ते वरून थेट काँक्रीटवर बसल्यासारखे आपटले. उठता येईना. द्राक्षं पेट्यांत भरणाऱ्या पॅकहाउसमधल्या माणसांनी त्यांना फळीवर आडवं करून नाशिकला आणलं. मी पंचवटीत राहते, शाळेत शिकवते. धावतपळत हॉस्पिटलात पोचले तर आबा स्ट्रेचरवर पडून पायाची बोटं हलवून बघत होते.

"हलत्यात गं," ते म्हणाले. तेवढं ऐकून मी खुर्चीत बसले.

स्कॅनमध्ये कमरेच्या वरचा एक मणका चेपून फुटलेला दिसला. नसा मात्र शाबूत होत्या. सर्जनने सांगितलं, अशा वेळी काही डॉक्टर स्क्रू आणि सळ्या घालतात, काही घट्ट पट्टा बांधून हाड आपोआप भरून येऊ देतात. माणसं दोन्हींनी बरी होतात, पण जास्त चांगलं कोणतं, हे नक्की कुणाला ठाऊक नाही. त्यांच्याकडे त्याचाच अभ्यास चालू होता. आबा तयार असतील तर ऑपरेशन की पट्टा, ते संगणक ठरवणार. नको वाटलं तर कधीही बाहेर पडा, उपचारात काही फरक पडणार नाही.

आई भडकली. "माझ्या माणसाच्या पाठीची सोडत काढता काय?"

आबांनी मात्र पडल्या पडल्या विचारलं, "डॉक्टर, तुमचा बाप इथं असता तर काय केलं असतं?"

सर्जन म्हणाले, "मलाही ठरवता आलं नसतं, काका. ठरवता येत असतं तर हा अभ्यास कशाला केला असता?"

"मग चालंल," आबा म्हणाले. "निदान खोटं तरी बोलत नाय."

संगणकाच्या सोडतीत पट्टा निघाला. आईचा जीव भांड्यात पडला आणि माझा टांगणीला लागला. आत काही आधार नाही, उद्या मणका आणखी खचला तर? आबांना आणि आईला मी माझ्या घरी आणलं. पाठीपोटावर कडक पट्टा बांधून ते दारापासून गच्चीपर्यंत फेऱ्या मारायचे, मी त्यांच्या पावलांकडे बघत राहायचे.

एका सकाळी ते म्हणाले, "मांडी बधिर झालीय." मणका खचून नस दाबली, असंच मला वाटलं. रिक्षा करून हॉस्पिटल गाठलं. सर्जनने पायांची ताकद तपासली, टाचणीने टोचून पाहिलं, मग पट्ट्याची खालची कड बोटाने उचलली. कड जांघेत रुतत होती आणि तिथून मांडीच्या कातडीकडे जाणारी बारीक नस दाबली जात होती. मणक्याशी त्याचा संबंध नव्हता. कड कापून मऊ केली आणि काही दिवसांत बधिरपणा गेला. त्या दिवशी परतताना मी रिक्षातच रडले. आबा रिक्षावाल्याला सांगत होते, "मास्तरीण हाय, लय अभ्यास केल्यावर असं होतं."

तपासणीच्या फेऱ्यांना एक गंमत होती. वाकणं, चालणं, दुखणं मोजणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंना आबांचं ऑपरेशन झालंय की नाही, हे कळू द्यायचं नव्हतं, नाहीतर त्यांचं मत एकीकडे झुकलं असतं. म्हणून आत जाण्याआधी पट्टा काढायचा, सगळ्यांनाच दिलेला जाड सदरा घालायचा आणि तोंड बंद ठेवायचं. टेम्पोवर जन्म गेलेल्या, बोलक्या माणसाला ही शिक्षाच होती. "बाई, मला ना..." अशी सुरुवात झाली की बाई घाईने म्हणायच्या, "काका, फक्त वाका!"

शेवटच्या एक्स-रेत मणका थोडा चेपलेलाच होता, पण घट्ट भरला होता. "पट्टा सोडा आता," सर्जन म्हणाले. मी विचारलं, मग पट्टाच चांगला ठरला का? ते हसले. "तुमच्या वडिलांना चालला. बाकीच्यांचं अजून बघायचंय."

मला तेवढं पुरे होतं. आबा आता टेम्पोवर चढत नाहीत, खाली उभं राहून क्रेट नीट लावून घेतात.

पट्टा सुटला त्या दुपारी घरी आल्यावर आईने चहा टाकते म्हणून सांगितलं, आणि ती जरा टेकली ती तिथंच झोपली. इतके महिने ती दिवसा कधी आडवी झाली नव्हती. आबांनी स्वतः उठून पंखा लावला. चहा मी केला. तिला कुणी उठवलं नाही.