दादूच्या वजनाचे नारळ

माझा भाऊ दादू जयगडात रिक्षा चालवतो. पन्नाशीला आला तरी मला विचारल्याशिवाय केस कापत नाही, आणि न विचारता नको ते सगळं करतो. त्याचं पोट हँडलला टेकायचं. लोक म्हणायचे, दादूची रिक्षा पुढूनच भरते. तो हसायचा. मला हसू यायचं नाही, कारण आईमागे त्याला खाऊ घालून मीच वाढवलाय.

गेल्या शिमग्यात त्याच्या लघवीतून रक्त गेलं आणि डाव्या मूत्रपिंडात गाठ निघाली. कॅन्सर. ऑपरेशनला आत नेला तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यातच वेळणेश्वराला नवस बोलले. वर्षभरानं माझा भाऊ ठणठणीत असला, तर त्याच्या वजनाइतके नारळ वाहीन, आणि एकूण एक नारळ माझ्या हातचा सोललेला असेल. दादू तेव्हा चौऱ्याण्णव किलो. माझा उजवा खांदा दोन वर्षं वर जात नाही, पण नवस बोलताना खांद्याला कोण विचारतंय!

मूत्रपिंड काढलं. मग डॉक्टरांनी रिपोर्ट समजावला. चरबीनं हा आजार जडायची शक्यता वाढते, म्हणाले. पण ज्यांना तो होतो, त्यांच्यातल्या जाड माणसांच्या गाठी पुष्कळदा कमी आक्रमक निघतात, असं काही अभ्यासांत दिसलंय. का, ते अजून नीट कळलेलं नाही. दादूची गाठही फार आक्रमक नव्हती. पुढं ते मूत्रपिंडाभोवतीच्या चरबीचं वेगळंच काही सांगत होते, मुद्दाम वजन वाढवू नका असंही बजावत होते. माझे कान आधीच्याच वाक्यावर बसलेले. अंगावर चरबी आहे तोवर दादूला धोका नाही, एवढंच मी घरी घेऊन आले.

झालं, मी डबे भरायला लागले. डिंकाचे लाडू, खोबऱ्याच्या वड्या, तुपात भिजलेले घावणे. त्याची बायको मृणाली म्हणाली की डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. मी म्हटलं, डॉक्टरांचं काय जातंय, भाऊ माझा आहे. आणि एवढं करून दादू वाळतच चालला! गणपतीत शर्ट ढगळ झाला, दिवाळीत पट्ट्याला नवं भोक पाडलं. लोक त्याला म्हणत, काय फिट झालास रे. मला एकेकाच्या तोंडात माती घालावीशी वाटे.

एकदा जेटीवर यमुनाबाई भेटली, फेरीबोटीनं पलीकडं जाणारी मासळीवाली. म्हणाली, तुझ्या लाडवांना तोड नाही, दादू रिक्षात बसेल त्याच्या हातावर ठेवतो. म्हणजे याला अन्न जात नाही. आजार परत आला आणि हा लपवतोय.

दुसऱ्याच दिवशी त्याला रत्नागिरीला नेला. स्कॅन झाला, रिपोर्ट उद्या म्हणाले. त्या दिवशी घरी येऊन मी अंगण तीनदा झाडलं. भातात मीठ घातलं की नाही आठवेना, म्हणून परत घातलं. कुणी बोलायला आलं की राग यायचा, गेलं की घर खायला उठायचं. दादू मात्र माझ्याच ओटीवर मजेत पेपर वाचत बसलेला. त्याच्या गालाचं हाड दिसत होतं. ते मी पूर्वी कधी पाहिलंच नव्हतं.

रिपोर्ट स्वच्छ आला. कुठं काही नव्हतं. मग डॉक्टरांनीच विचारलं, तेरा किलो उतरले कसे? दादू जमिनीकडे बघायला लागला.

"रोज पहाटे जेटीपर्यंत चालतो, आणि आक्काचा डबा वाटून टाकतो," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "जिन्यात नवस बोललीस तो मृणालीनं ऐकला होता गो. तुझा हा खांदा. म्हटलं, किलोमागे दोन नारळ तरी कमी सोलशील."

मी डॉक्टरांसमोरच त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि मग तिथंच रडले. डॉक्टर म्हणाले, चालून उतरलं ते चांगलंच झालं, पण घरच्यांना सांगायचं असतं. आणि मला म्हणाले, लाडू बंद.

शिमगा जवळ आला तशी मी अंगणात पहार रोवून बसले. एक्क्याऐंशी किलोंचे नारळ झाले, शेंडी राखून. दादू म्हणाला, पुरे. मी म्हटलं, नवस बोलले तेव्हाचा दादू चौऱ्याण्णवचा होता. तेरा किलो तू टाकलेस, मी शब्द टाकायचा होय?

पण खांदा संपला होता. नारळ पहारेवर हाणायला हात वरच जाईना. दादूनं नारळ मागितला, मी दिला नाही. नवसाला हात माझाच हवा. मग तो मागं येऊन बसला आणि माझं कोपर खालून उचलून धरलं.

उरलेले सगळे नारळ मीच सोलले. कोपर तेवढं दादूनं धरलं होतं.