नंदूचा मागचा दिवा

मंडळी, भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की उठून चहा टाकायला जाणाऱ्यांपैकी मी आहे. माझं काम लिफ्ट दुरुस्तीचं. लिफ्ट मध्येच अडकली की सोसायटीतले लोक काय काय बोलतात... वास्तुदोष काय, कुणाची नजर काय. मी पॅनल उघडतो तर आत एक जळका रिले असतो, बोटाएवढा स्विच. कारण असतंच, फक्त शोधावं लागतं, हे मी इतकी वर्षं लोकांना ऐकवत आलोय. त्यामुळे स्वतःची गोष्ट लिहायला मला वर्ष लागलं. आता हसायचं त्यांनी हसा.

मी भांडुप पश्चिमेला राहतो. नंदू आमच्याच बिल्डिंगमधला, माझा लहानपणापासूनचा दोस्त, आणि कामही एकाच ठिकाणी. रोज आपापल्या बाईकवर, पण एकामागे एक जायचो. आमचा एक नियम होता. बाईकवाल्याला स्वतःचा मागचा दिवा कधीच दिसत नाही ना, म्हणून मागच्याने पुढच्याचा टेललाइट बघत राहायचं. बंद दिसला की दोनदा डिपर मारायचा, म्हणजे हेडलाइटची उघडझाप करायची. डिपर दिसला की पुढच्याने काही विचार न करता गाडी डावीकडे घेऊन थांबायचं. नंदूच्या हेडलाइटवर पिवळा कागद चिकटवलेला असायचा. धुक्यात बरा पडतो म्हणे. मुंबईत कसलं डोंबलाचं धुकं, तुझ्या गाडीला कावीळ झालीय, असं मी त्याला चिडवायचो. पण सगळ्या पांढऱ्या दिव्यांत आरशात तो एकच पिवळा दिवा दिसला की बरं वाटायचं, हे खरं.

एका वर्षी मी गणपतीला गावी गेलो होतो. नंदू कामावरून एकटाच परतत होता. त्याचा टेललाइट गेलेला होता आणि ते सांगायला मागे कोणी नव्हतं. मागून ट्रक आला. याच्यापुढे माझ्याने लिहवत नाही.

त्यानंतर मला दिव्यांचं वेडच लागलं म्हणा. पुढे दोन जादा लाइट, मागे टेललाइटच्या कडेने एलईडीची लाल पट्टी, नंबर प्लेटभोवती रेडियम, अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट. बायको म्हणायची, यावर गणपती बसवायचा तेवढा बाकी आहे. हसू दे. मला फक्त मागच्याला दिसायचं होतं.

नंदूची आई, आमची काकी, मात्र घरात बसली ती बसलीच. ती मालवणची, एरवी भांडायला एक नंबर, पण नंदू गेल्यावर तिचा आवाजच गेला. मुलगी जोगेश्वरीला, तिच्याकडेसुद्धा जाईना. रिक्षा नको, बस नको, रस्ताच नको म्हणायची. नातीला बाळ झालं, पणजी झाली बाई, तरी बघायला गेली नाही. मी वर्षभर तिच्या मागे लागलो होतो. मागच्या दसऱ्याला ती अचानक म्हणाली, तू नेशील तर येते. मला इतका आनंद झाला की काय सांगू. मी सकाळीच सगळे दिवे तपासून ठेवले.

दुपारी खाली गाडीची पूजा केली. संध्याकाळी निघायच्या वेळी काकी स्वतः ओवलेला झेंडूचा हार घेऊन उतरली, आंब्याची पानं घालून मनगटाएवढा जाड केलेला. पुढे बायकोने बांधलेला हार होता, म्हणून काकीने तिचा मागच्या दांडीला बांधला. मायेने, दोन-दोन गाठी मारून. मी पुढे हेल्मेट घालत होतो. कशाला मागे वळून बघतोय? दिवे तर सकाळीच बघितलेले.

पवईचा तलाव मागे टाकला तेव्हा तिन्हीसांज झाली होती. रस्त्यावरचे दिवे अजून लागायचे होते आणि मेट्रोच्या पुलाखाली जरा जास्तच अंधारून आलं होतं. काकीने माझा खांदा घट्ट धरला होता. मी हळूच चालवत होतो. सहज आरशात बघितलं तर मागच्या पांढऱ्या दिव्यांत एक पिवळा दिवा. म्हटलं, असेल कोणीतरी. आणि तेवढ्यात त्याने दोनदा डिपर मारला.

मी विचार केलाच नाही. हात आपोआप डावीकडे वळले, गाडी कडेला लागली. त्याच क्षणी मागे कचकन ब्रेक लागला आणि एक टेम्पो थोडा तिरका होऊन आमच्या शेजारी थांबला. मी जागचा हललो नसतो तर... जाऊ दे.

ड्रायव्हर उतरला तोच शिव्या देत. पन्नाशीचा माणूस. म्हणाला, "अहो, मागे एक लाइट नाही तुमच्या! मला तुम्ही दिसलाच नाही. तुमच्या मागचा बाईकवाला दिसला म्हणून ब्रेक मारला."

मी मागे जाऊन बघितलं. काकीचा हार टेललाइटवर बसला होता, लाल पट्टीवर बसला होता, खाली नंबर प्लेटसुद्धा झाकली होती. आत सगळं पेटलेलं, बाहेर काही नाही. आणि माझं ते चमकणारं जॅकेट काकीच्या पाठीआड. एवढी सगळी रोषणाई करून मी रस्त्यावर मागे काळोख घेऊन फिरत होतो.

ड्रायव्हरने हाराकडे बोट केलं, "हे बघा, हे..." मी त्याचा हात दाबला आणि डोळ्यांनीच मागे उभ्या म्हातारीकडे खूण केली. देव त्याचं भलं करो, त्याने पुढचं वाक्य गिळलं.

मी त्याला विचारलं, तो बाईकवाला कुठे गेला? तोही इकडे तिकडे बघायला लागला. आत्ता तर इथेच होता, म्हणाला. डावीकडे लांबलचक भिंत, उजवीकडे दुभाजक. पुढे गेला असता तर माझ्या डोळ्यांसमोरून गेला असता. मी न राहवून विचारलं, "त्याचा मागचा दिवा चालू होता?"

"चालू होता म्हणजे? लख्ख. त्यानेच तर वाचवलं."

मी हार सोडला आणि काकीला म्हटलं, फुलं गळतायत गं, पुढे बांधतो. तिने पदराच्या गाठीतून आपट्याचं एक पान काढलं, भिंतीच्या कडेला ठेवलं आणि हळूच म्हणाली, "सोन्यासारखो ऱ्हव." मला वाटलं, ती त्या ड्रायव्हरला म्हणाली.

जोगेश्वरीला लेकीच्या दारात, जिना चढायच्या आधी तिने माझं मनगट धरलं. "झिला, त्याचो मागचो दिवो पेटता ना रे आता?"

"पेटतो काकी," मी म्हणालो आणि तिथेच रडायला लागलो, अगदी लहान पोरासारखा. ती माझ्या हेल्मेटवरूनच हात फिरवत राहिली. मग वर गेली आणि पणतवंडाला मांडीवर घेऊन बसली ती उठायलाच तयार होईना.

दुसऱ्या दिवशी उजेडात मी परत तिथे गेलो. भिंतीला फट नाही, गेट नाही. पिवळ्या दिव्याचा कोणी खराखुरा बाईकवाला असेल, मान्य. दोनदा डिपर योगायोगाने मारला असेल, तेही मान्य. पण तो गेला कुठे? मी सगळं उघडून बघितलं, यात जळका रिले मला अजून सापडलेला नाही. तुमच्यापैकी कोणाला सापडला तर सांगा, मी ऐकून घेईन.

हाराचं मी काकीला आजपर्यंत सांगितलेलं नाही. आता ती महिन्यातून एकदा तरी माझ्या मागे बसून लेकीकडे जाते. या दसऱ्यालाही ती तसाच जाड हार ओवून खाली आली. मी घाईघाईने पुढे झालो, म्हटलं आता काय सांगू हिला. तर ती सरळ हँडलपाशी गेली, हार पुढे बांधला, मग मागे येऊन पदराने टेललाइटची काच पुसली.

"पेटव बघू," म्हणाली. मी चावी फिरवली.