सेवा बंद करण्याचं कारण

आज सकाळी शेजारच्या काकू मोबाईल घेऊन आल्या. काका मागच्या महिन्यात गेले. पण त्यांच्यासाठी ज्या ॲपवरून केअरटेकर लावलेली, तिथून अजून रोज मेसेज येतो, "आज पेशंट कसे आहेत?"

"हे बंद कर गं," काकू म्हणाल्या.

मी स्वतः ॲप डिझाइन करते, तरी बटण शोधून दमले. सापडलं, तर कारण विचारलं: महाग वाटली, की सेवा आवडली नाही? पेशंट वारले, हा पर्यायच नव्हता.

"आवडली नाही असं नको लिहूस. फार मायेनं करायची ती मुलगी."

शेवटी खोटंच 'महाग वाटली' दाबलं.

दुपारी वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात नवा क्लायंट म्हणाला, "मॅडम, आमच्या ॲपमधलं सेवा बंद करायचं बटण जरा लपवा." मी नाही म्हटलं. काम बहुतेक गेलं.

डिझायनर मंडळी, अशा माणसांना तुम्ही कसं समजावता?