बाजेला बांधलेली खाट

बाळंतिणीच्या खोलीत शिरल्यावर आमच्या नर्सबाई आधी बाळाकडे बघतच नसत. त्याच्या अंथरुणावर तळहात ठेवून दाबत. हात गोधडीत रुतला की म्हणत, "हात आत जातो तिथं नाकही आत जातं. काढा हे." घरातल्या म्हाताऱ्यांची तोंडं आंबट होत, आणि बाई गेल्यावर त्यांची सगळी कुरकुर माझ्या कानावर येई.

माझ्याच कानावर, कारण मी त्या दवाखान्यातला कंपाउंडर. स्वराज्य येऊन थोडी वर्षं झाली होती आणि श्रीवर्धन ते हरिहरेश्वर यांच्या मधल्या आमच्या गावात सरकारी दवाखाना नुकता उघडला होता. डॉक्टर आठवड्यातून एकदा येत. एरवी दवाखाना म्हणजे मी आणि बाई. त्या घाटावरच्या. मासळीचा वास त्यांना सोसत नसे. नाकाला पदर लावून कोळीवाड्यात शिरत, पण शिरत. पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवर वहाणा घसरतात म्हणून त्या हातात धरून वाडीवाडीला चढत.

त्या काळी आमच्याकडे बाळंतीण बाजेवर निजे, बाजेखाली शेगडी धुमसत असे आणि बाळ आईच्या कुशीत. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी, बाहेरचं काही लागू नये म्हणून उशाखाली कोयता, अंगावर आजीच्या लुगड्याची जाड दुपटी. बारशाला पाळण्यात घालायचं, तोवर ते आईपासून हलवायचं नाही. बाई एकाच फेरीत उशी काढत, कोयता काढत, शेगडी बाहेर नेत आणि वर सांगत की मूल आईजवळ हवं, पण आईच्या अंथरुणात नको. दमलेल्या बाईला झोप लागली की तिला आपला हात कुठं पडलाय ते कळत नाही.

मी त्यांना किती वेळा म्हटलं, बाई, एका भेटीत एकच गोष्ट सांगा. लोकांना पचेल. त्या माझ्यावरच उखडल्या. "मूल काय पचेल तसं गुदमरतं?" बरोबर बोलणारं माणूस इतकं वाईट बोलतं कसं, याचीच मला चीड यायची.

बोलून भागत नाही असं दिसल्यावर त्यांनी होड्या बांधणाऱ्या सुताराला गाठलं आणि एक छोटी खाट करून घेतली. उंची बाजेइतकीच. तीन बाजूंना काठ्या, चौथी बाजू मोकळी. ती बाजेला टेकवून काथ्याने घट्ट बांधायची. आईने हात लांबवला की बाळ हाताशी, पण कूस बदलली तर अंगाखाली नाही. सुताराने पहिल्यांदा काठ्या एकमेकींपासून लांब लांब लावल्या. बाईंनी त्यांतून मूठ घालून दाखवली आणि सगळ्या उपटायला लावल्या. दुसऱ्यांदा खाट आणि बाज यांच्यात फट राहिली, म्हणून पाय तासायला लावले. तो सुतार मला बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, "भाऊ, गलबत बांधलं, पन एवढी बोलनी न्हाय खाल्ली."

पहिला मान आमच्या घराला मिळाला. माझी बायको बाळंत झाली होती. खाटेत एक घडी घातलेली सतरंजी, तिच्यावर ताणून खोचलेलं धुवट फडकं. उशी नाही, दुपट्यांचा ढीग नाही. माझी आई ते बघून कळवळली. बाळाला आईची ऊब नको का, असं तिने विचारलं. बाई म्हणाल्या, "ऊब हातभर अंतरावरूनही पोचते, आजी."

आईने वाद घातला नाही. बाई येण्याच्या वेळी बाळ खाटेत असे; त्या पायऱ्या उतरल्या की आई त्याला उचलून पुन्हा बायकोच्या कुशीत ठेवी. हे काही दिवस चाललं. मग एका दुपारी बायकोला पाजता पाजता डोळा लागला. मी जेवायला घरी आलो, तर बाळाचं तोंड तिच्या अंगाखाली दडलेलं आणि पाय नुसते झाडताहेत. मी ओढून काढलं. लालबुंद झालं होतं, मग रडलं. बायको उठली, सुटलेला काथ्या स्वतः दाताने ओढून बांधला आणि त्या दिवसापासून आईला खाटेला हात लावू दिला नाही. आई मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिली की त्या खाटेमुळेच नाट लागली होती.

आमचं मूल खाटेत मावेनासं झाल्यावर बाईंनी ती वरच्या वाडीत गंगूकडे नेली. गंगू पहिलटकरीण, वयाने लहान, नवरा मुंबईला गिरणीत. माहेरी आजारपण चाललेलं, म्हणून बाळंतपण सासरीच. खरं तर खाट दिवस भरण्याआधी नेऊ नका असं मी बाईंना सांगितलं होतं. मूल जन्मायच्या आधी त्याची वस्तू घरात येणं आमच्याकडे अशुभ. त्या म्हणाल्या, बांधायला शिकवायला वेळ नको का? आणि गड्याच्या डोक्यावर खाट देऊन निघाल्या.

गंगूला मुलगा झाला. पुढच्या फेरीला मी बाईंबरोबर होतो. घरापुढच्या खळ्यात खाट उन्हात ठेवलेली आणि तिच्यात कोकमाची सालं वाळत घातलेली. आत मूल गंगूच्या कुशीत, मोहरीच्या उशीवर. बाईंचा आवाज चढला. सासू दारात उभी राहून शांतपणे म्हणाली, "आमची धा पोरं अशीच वाढली, बाय. तुझी किती?"

बाईंना मूलबाळ नव्हतं. लग्नही झालेलं नव्हतं. त्यांनी स्वतःच्या हाताने सालं सुपात काढली, खाट पुसली, आत आणून बाजेला बांधली. गंगू सगळं डोळे मोठे करून बघत होती. आम्ही उतरायला लागलो तेव्हा मागे वळून बघायची माझी हिंमत झाली नाही. काय होणार ते मला ठाऊक होतं.

बारशाच्या आधीच एका सकाळी वाडीतून माणूस आला. मूल पहाटे निपचित मिळालं होतं. गंगूच्या दंडाखाली. खाट पुन्हा खळ्यात होती.

आम्ही गेलो तेव्हा सासू पायरीवर बसली होती. बाईंना बघताच उठली आणि साऱ्या वाडीदेखत म्हणाली, "रिकामी खाट घरात आनलीस. तिनं पोर नेलं." मी तोंड उघडलं, तर गावचे पाटील माझा दंड धरून म्हणाले, भाऊ, आता नको. आत गंगू भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाई उंबऱ्यावर थांबल्या. त्यांना आत जाऊ दिलं नाही.

परतताना पाखाडीवर बाई मधेच खाली बसल्या. रडल्या नाहीत. वहाणा मांडीवर घेतल्या. मग म्हणाल्या, "मी नीट बोलले असते तर ऐकलं असतं का हो त्यांनी?"

मी नाही म्हणालो. खरं उत्तर मला तेव्हाही माहीत नव्हतं, आजही नाही.

पुढचा सगळा पावसाळा बाईंसाठी वाड्यांचे दरवाजे बंद झाले. पोरं त्यांना बघून 'खाटवाली आली' म्हणून पळत. सुईणीला बोलावणी जात, बाईंना नाही. गंगूच्या घरून परत आलेली खाट दवाखान्याच्या ओटीवर पडून होती आणि खोकल्याचं औषध घ्यायला येणारी माणसंसुद्धा तिच्यापासून लांब उभी राहत. गावाने वर अर्ज केला. डॉक्टरांना खरी हकीकत माहीत होती; पण लोकांच्या मनाविरुद्ध दवाखाना चालत नाही, असं ते म्हणाले. थंडीत बदलीचा हुकूम आला.

मुंबईची आगबोट आमच्याकडे धक्क्याला लागत नसे. लांब उभी राही आणि माणसं होडीतून नेत. बाईंना पोचवायला मी आणि बायको, बायकोच्या कडेवर आमचं पोर, एवढेच. बाई होडीत बसल्या आणि किनाऱ्यावरून गंगू भराभर येताना दिसली. नवरा गणपतीला येऊन गेला होता. तिला पुन्हा दिवस गेले होते. ती पाण्यात घोट्याएवढी शिरली आणि होडीच्या काठाला धरून म्हणाली, "बाय, ती खाट मला द्या. या टायमाला मी आयेकडं जानार हाय."

बाईंनी तिचं मनगट धरलं. मला वाटलं, आता तरी त्या दोन मायेचे शब्द बोलतील. त्या बोलल्या ते हे: काथ्या ओला असताना बांध, वाळल्यावर तो आवळतो. फट राहता कामा नये. उताणं निजव. त्यांचा आवाज नेहमीसारखाच कडक होता, फक्त गंगूच्या मनगटावरचा हात काही सुटत नव्हता. नावाडी घाई करत होता, आगबोटीचा भोंगा झाला, तरी बाईंचं सांगणं संपेना. शेवटी नावाड्याने वल्हं मारलं आणि हात सुटला.

खाट मीच गंगूच्या माहेरी, म्हसळ्याच्या बाजूला, बैलगाडीतून पोचवली. तिला मुलगी झाली, ती जगली. सासूने त्याचं श्रेय हरिहरेश्वराच्या नवसाला दिलं. हे बाईंना कळवावं असं फार वाटलं. पण नव्या ठिकाणाहूनही त्यांची कुठे बदली झाली ते कोणाला सांगता येईना.

नवीन नर्स आल्या, त्या फार गोड बोलत. गावाला त्या आवडल्या. कोणाच्या अंथरुणाला त्यांनी कधी हात लावला नाही.