धाकट्याने टेबलावरून उचललेली गल्ली

माझा धाकटा भाऊ अधिकाऱ्यांना शिकवायचा. ज्यांच्या टेबलासमोर आपण अर्ज धरून ताटकळतो ना, ते अधिकारी याच्यासमोर बाकावर बसायचे. मी आठवीत शाळा सोडली, सुतारकामाला लागलो आणि याला शिकवला. त्यामुळे कुणी नुसती खुर्ची दुरुस्तीला आणली तरी माझ्या भावाबद्दल ऐकल्याशिवाय त्याची सुटका नसायची. बायको म्हणायची, गिऱ्हाईक पळतं ते तुमच्या भावापायी. पळू दे, म्हणायचो.

आधी तो पालिकेत नकाशे सांभाळायचा. तिथून त्याला प्रशिक्षण केंद्रात घेतलं. शहर वाढतं, हद्द सरकते. कुठली वस्ती आत घ्यायची, कुठली बाहेर ठेवायची, वरून हुकूम यायची वाट न बघता अधिकाऱ्याने पुढे होऊन निर्णय कसा घ्यायचा, हे तो शिकवायचा. उगाच भाषण झोडायचं नाही. टेबलावर चादरीएवढा नकाशा अंथरायचा, त्यावर लाकडी ठोकळे मांडायचे. घरं, शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी. अधिकाऱ्यांनी वाद घालायचा आणि शेवटी लाल दोरीने हद्द आखायची. ठोकळे माझ्या हातचे. पॉलिश असं की साहेबलोक ते हातात घेऊन कुरवाळत बसायचे.

नकाशा एका खऱ्या गावाचा होता, फक्त नाव कापलेलं. त्यात नाल्यापलीकडे एक गल्ली होती. ती आत घ्यायची की नको, यावर दर वेळी अशी जुंपायची की पुढचं शिकवायचं राहून जायचं. शेवटी धाकट्याने युक्ती काढली. वर्ग भरायच्या आधीच त्या गल्लीचे ठोकळे उचलून खोक्यात टाकायचे. तेवढी जागा मोकळी दिसायची आणि दोरी बिनबोभाट नाल्याकाठाने फिरायची.

मग त्याच गावच्या मुख्याधिकारी बाई प्रशिक्षणाला आल्या. आपलं गाव ओळखून खूश झाल्या आणि दोरीसकट टेबलाचा फोटो काढून घेऊन गेल्या.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो एवढंच म्हणाला की एका गावात हद्दीवरच्या हरकतींची सुनावणी आहे, दादा, येतोस का सोबत. मला वाटलं, भाषणाला बोलावलं असेल. मी इस्त्रीचा शर्ट घातला. वाटेत त्याच्या वाटचंही मीच बोललो.

तो पुढे बसला, मी मागे. शेजारची बाई त्या नाल्यापलीकडच्या गल्लीतली निघाली. नव्या हद्दीत त्यांची गल्ली बाहेर पडली होती. पालिका नळ देईना, पलीकडचं गाव म्हणे तुम्ही आमचे नाही. मी तिला धीर दिला. म्हटलं, काळजी सोडा, तो निळ्या शर्टातला माझा सख्खा भाऊ, या सगळ्या अधिकाऱ्यांचा गुरू. तो बोलला की काम झालंच समजा. तिने ते पुढच्या बायकांना सांगितलं. त्या वळून वळून माझ्याकडे बघायला लागल्या, तशी मी कॉलर नीट केली.

मुख्याधिकारी बाईंनी वाचून दाखवलं की ही हद्द प्रशिक्षणात तपासून घेतलेली आहे. धाकटा उठला.

"ती कुणी तपासली नाही," तो म्हणाला. "ती गल्ली मीच टेबलावरून उचलून ठेवली होती, वेळ वाचवायला. बाईंनी मी शिकवलं तसंच केलं."

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, तिथे माणसं राहतात हे माहीत होतं का.

"होतं."

आवाज एवढासा. मान खाली, जशी लहानपणी वडिलांसमोर असायची. त्या बायका पुन्हा वळल्या, पण या वेळी मला कुठे बघू असं झालं. शेजारची बाई ओरडली-बिरडली नाही.

"मग, वाचला का वेळ?" तिने मला विचारलं.

मी उठून दाराशी जाऊन उभा राहिलो.

परतताना मी त्याच्यावर उखडलो. म्हटलं, गप्प बसला असतास तर काय बिघडलं असतं? सही बाईंची, निस्तरायचं बाईंनी.

"दादा, मग पाणी त्या गल्लीला मिळालं नसतं," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "बाईंचं काही अडलं नसतं, माझं नाही, तुझं नाही."

इतका वेळ मला त्याची लाज वाटत होती. तिथून पुढे माझीच वाटायला लागली.

साहेबांनी स्वतः जाऊन पाहणी केली आणि गल्ली हद्दीत आली. धाकट्याला केंद्राने पुन्हा बोलावलं नाही, आता तो परत नकाशांच्या खोलीत बसतो. गिऱ्हाईकं खोचकपणे विचारतात, काय म्हणतात तुमचे गुरुजी? मी सांगतो, काही न लपवता सगळं सांगतो. भाऊ माझाच आहे. फक्त सांगताना रंधा चालू ठेवतो, म्हणजे त्यांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.