ताओताईंच्या घरचे लेईसाहेब

ताओताईंच्या नवऱ्याचा मला पहिल्यापासून राग होता. ज्या माणसाला तू कधी पाहिलं नाहीस त्याच्यावर इतकी कशाला चिडतेस, असं माझा नवरा विचारायचा. चिडू नको तर काय करू? पार्सलवर नाव त्याचं, लेई दाहू, म्हणजे चांगला मोठा वाघ, आणि खोकी वाहायला कोण, तर ही साठी उलटलेली किडकिडीत बाई. तांदळाची गोणी असो की पाण्याचा फिल्टर, ताओताईच चाकांच्या गाडीवर घालून ओढत न्यायच्या. वाघ घरात बसून असायचा.

वूहू शहरात आमच्या वसाहतीच्या फाटकाशी माझं पार्सल केंद्र आहे. सकाळ-दुपार टेम्पो येतो, मी खोकी मांडणीवर लावते, लोकांच्या फोनवर आकडा जातो, आकडा सांगून ते खोकं घेऊन जातात. उंच उंच इमारती, शेजारच्या दारातला माणूस कोण हे कुणाला ठाऊक नाही. मला मात्र सगळे ठाऊक. कुणाच्या घरी बाळ येणार, कुणाचे केस गळतायत, कुणाच्या सासूबाई मुक्कामाला येणार, हे खोक्यांवरून मला घरच्यांच्या आधी कळतं. निदान मला तसं वाटायचं, आणि त्याचा मला तोराही होता.

ताओताई माझं सगळ्यात पक्कं गिऱ्हाईक. दुकानाची पायरी त्या चढतच नसत. मीठ फोनवरून, सुईदोरा फोनवरून, लसूणसुद्धा फोनवरून. फाटकासमोर भाजीवाली बसते, तिच्याकडची कोथिंबीर अजून ओली असते, पण ताओताईंची कोथिंबीर दुसऱ्या प्रांतातून बर्फाच्या डब्यात बसून यायची. एकदा मी विचारलंच, "ताई, समोर मिळतंय ते मागवता कशाला?"

"अगं, उभा जन्म सरकारी कापडदुकानात काउंटरच्या आत गेला माझा," त्या म्हणाल्या. "बाई दारातून आत आली की तिचे कपडे बघून आम्ही ठरवायचो, हिच्यापुढे ठाण उलगडायचं की संपलं म्हणून सांगायचं. आता मी बाहेरच्या बाजूला उभी राहून कुणाकडून तसं बघून घेऊ होय? फोनला माझे कपडे दिसत नाहीत."

पण काउंटर काही त्यांच्या अंगातून गेला नव्हता. फोनच्या पडद्यावर ओरडून ओरडून माल खपवणाऱ्या पोरींशी त्या माझ्या केंद्रात उभ्या राहून भांडायच्या. "रेशीम म्हणतेस त्याला? चुरगळून दाखव आधी." पोरीला काही ऐकू जायचं नाही, ताईंचं समाधान व्हायचं. मग ते रेशीम मागवायचंच. खोकं आलं की माझ्या टेबलाला दोरीने बांधलेली कात्री घ्यायची, तिथेच फोडायचं, दोन बोटांत कापड धरून चोळायचं, उजेडाला धरायचं आणि परत भरून माझ्यापुढे सरकवायचं.

"परत पाठव गं मियाओ. आमच्या ह्यांना नाही आवडलं."

"ह्यांनी पाहिलं कुठे अजून?"

"ह्यांना काय आवडत नाही ते मला पाठ आहे."

एका चपलांबद्दल त्यांनी असा काही अभिप्राय लिहिला की विकणाऱ्याने फोन करून गयावया केली, एवढा काढून टाका म्हणून. ताओताई थंडपणे म्हणाल्या, "आमचे हे फार संतापलेत. बोलायचंय त्यांच्याशी?" त्याने घाईघाईने नको म्हटलं आणि नवीन जोड फुकट धाडला.

ह्या लेईसाहेबांचे प्रताप मी रोज ऐकत होते. घोरतात म्हणे. कच्चा लसूण चावत शेवया खातात. शिळं पुढे केलं की वाडगा बाजूला सारतात. कौतुकाचा शब्द म्हणून नाही. मी तर म्हणायचे, "ताई, दोन दिवस उपाशी ठेवा, सुतासारखे सरळ येतील." त्या हसायच्या. "तसे वाईट नाहीत गं. घरात कुणीतरी आहे एवढं तर वाटतं."

जड सामान वर पोचवणारा हौ म्हणून एक जण आहे. तो सांगायचा, "मावशी, बाहेर बूट आहेत ना त्यांचे, होडीएवढे. आणि आवाज असला खडा! मी खोकं टेकवतो आणि सटकतो."

आमच्याकडे हिवाळ्याच्या तोंडाशी तळ्यातले खेकडे येतात, पाय बांधलेले, जिवंत. वाटेत एखादा मेला तर पैसे परत मिळतात, पण पेटी हातात पडल्यावर लगेच उघडून फोटो काढून पाठवायचा. उशीर केला की गेले पैसे. ताओताई असल्या बाबतीत एकदम तयार. पेटी मी मांडणीवर ठेवते न ठेवते तोच त्या हजर असायच्या आणि एकेका खेकड्याच्या डोळ्याला बोट लावून बघायच्या.

त्या दिवशी पेटी सकाळीच आली. ताओताई आल्या नाहीत. जेवणवेळ झाली तरी नाहीत. पेटीतून खुडबूड ऐकू येत होती आणि मला उगाच अपराध्यासारखं वाटत होतं. फोन केला, वाजून वाजून बंद पडला. बाई आजारी असेल, मी मनाशी म्हटलं, पण मग त्या वाघाला खाली यायला काय झालं? खेकडे खायला मात्र पहिला बसेल. मी शटर ओढलं आणि पेटी उचलून स्वतः वर गेले.

दाराबाहेर ते होडीएवढे बूट होते. मी बेल दाबली. आतून कुणीतरी खाकरलं आणि पुरुषाचा जाड आवाज आला, "कोण आहे? दाराशी ठेवा आणि जा."

माझं डोकंच फिरलं.

"मी खालची पार्सलवाली मियाओ. ताई कुठायत?"

उत्तर नाही.

"खेकडे आहेत, जिवंत आहेत. उठून दार उघडायला हात मोडलेत का तुमचे? ती बाई तुमची ओझी वाहून वाहून काडी झाली. तुमचा तांदूळ, तुमचा लसूण, तुमचे नखरे. वर तिला बरं नसलं तर तुम्हाला खाली उतरवत नाही? माझ्या घरी असतात ना, तर बुटांसकट बाहेर काढलं असतं."

इतकंच नाही, आणखी बरंच बोलले. दोन वर्षं साठलेलं सगळं बाहेर आलं. समोरच्या दारातून एकीने डोकावून परत कडी लावली. आतून हूं नाही की चूं नाही. म्हटलं, बरा खजील झालाय. पेटी ठेवली आणि लिफ्टने खाली आले. खरं सांगते, फार हलकं वाटत होतं मला. दुपारी नवऱ्याला फोन करून सगळं तिखटमीठ लावून सांगितलं.

उन्हं कलायच्या सुमाराला हौ ताओताईंची कपडे धुण्याच्या साबणाची पेटी घेऊन वर गेला आणि परत येऊन म्हणाला, "मावशी, खेकडे तसेच आहेत बाहेर. साहेब ओरडले, दाराशी ठेवा."

आता मात्र मी हातातलं खोकं खाली ठेवलं. तो माणूस आळशी असेल, पण ताओताई? पैसे परत मिळण्याची वेळ टळून गेली आणि त्यांनी दार उघडून पेटी आत घेतली नाही? हे होणं शक्यच नव्हतं. मी हौला घेऊन परत वर गेले.

बेल दाबली. खाकरणं. "कोण आहे? दाराशी ठेवा आणि जा."

"अहो, ताईंना बोलवा."

काही नाही. परत दाबली. खाकरणं. "कोण आहे? दाराशी ठेवा आणि जा."

मी हौकडे बघितलं. त्याने स्वतः दाबली. तेच खाकरणं, तितकंच लांब. तेच शब्द, तोच चढ, तोच उतार. मी ताओताईंचा फोन लावला, तो दारापलीकडे वाजायला लागला. कुणी उचलला नाही.

आम्ही धावत फाटकावरच्या गार्डकडे, कुआंगकडे गेलो. तो चहा पीत होता. "घरात नवरा आहे ना? मग मी दार कसं फोडू? उद्या माझी नोकरी जायची. नवराबायकोच्या भानगडीत मी पडत नाही."

"तो माणूस नाहीये," हौ म्हणाला.

"आत्ताच म्हणालास बोलला म्हणून."

मी त्याला दंडाला धरून वर आणलं आणि बेल दाबत सुटले. तिसऱ्यांदा तेच ऐकल्यावर त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने पोलिसांना फोन केला, मग कुलूपवाल्याला. कुलूपवाला येईपर्यंत मी दारावर थापा मारत, बेल दाबत होते आणि तो मेला वाघ मधेमधे मला दाराशी ठेवून जा म्हणून सांगत होता.

दार उघडलं. ताओताई बाथरूममध्ये पडल्या होत्या, बेसिन आणि वॉशिंग मशीनच्या मधे, एक पाय भलतीकडेच वळलेला. टॉवेल कसाबसा ओढून अंगावर घेतला होता. ओठ निळे, पण श्वास होता. आदल्या रात्रीपासून त्या तिथे होत्या. कुआंगने अँब्युलन्स बोलावली, हौने रजई आणली. आणि मी काय करत होते? मला वेड लागलं होतं असं वाटेल तुम्हाला, मी आतल्या खोलीत लेई दाहूला शोधत होते. बायको मोरीत मरायला टेकली आणि हा लपून बसतो! मी पलंगाखाली वाकून बघितलं. कपाट उघडलं. गॅलरीत पुरुषी शर्ट वाळत होते, त्यांच्या गळ्याला किमतीच्या चिठ्ठ्या तशाच लोंबत होत्या. पलंगावर एक उशी होती. ओट्यावर एक वाडगा, जेवायच्या काड्यांचा एक जोड.

"मावशी," मागून हौ हळूच म्हणाला, "कुणी नाही इथे. बेलमध्येच आवाज असतो असा. दाबली की बोलते. माझ्या बहिणीनेही मागवलीय."

मी तशीच पलंगावर बसले. एकट्या राहणाऱ्या पोरी पार्सलवर दांडगं पुरुषी नाव घालतात, बाहेर पुरुषाचे बूट ठेवतात, हे मला काय माहीत नव्हतं? माझ्याच मांडणीवर पोलादी हातोडा असं पुरुषाचं नाव लिहिलेलं खोकं असतं आणि ते न्यायला चष्मा लावलेली फुंकर मारली तर उडेल अशी पोरगी येते. तिला मी हसतेसुद्धा. पण पांढऱ्या केसांची बाई असं करेल, आणि नुसतं नाव घालून न थांबता त्या नावाला घोरायला लावेल, लसूण चावायला लावेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी ऑपरेशनच्या संमतीचा कागद पुढे केला. "पेशंटचे मिस्टर कुठायत? इथे लेई दाहू म्हणून कुणी आहेत असं गार्ड सांगत होते."

"नाहीत," मी म्हटलं.

"कधी वारले?"

"वारले नाहीत. नव्हतेच."

डॉक्टरांनी त्या रकान्यावर रेघ मारली. शेवटी ताईंच्या शेंजेन शहरातल्या भाच्याला फोन लागला, त्याने हो म्हटलं, आणि ताईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं.

चार-पाच दिवसांनी मी कोंबडीचं सूप घेऊन गेले. ताओताई उशीला टेकून बसल्या होत्या, चेहरा मूठभर झालेला. मी ठरवून गेले होते की काही विचारायचं नाही. पण माझं तोंड ते माझं तोंड.

"मला तरी सांगायचं ताई."

"तुला? म्हणजे भोंगा लावून सगळ्या वसाहतीला." त्या थोडं हसल्या, मग हसू ओसरलं. "जुन्या घरी होते तेव्हा पार्सलवर माझंच नाव असायचं. घरात एकटी बाई आहे हे आणणाऱ्या एकाने हेरलं. मग काही आणायचं नसतानाही यायचा, दार वाजवायचा. एकदा संध्याकाळभर वाजवत बसला. इथे आले तेव्हा ठरवलं, नवरा घेऊनच राहायला जायचं. लग्न काही झालं नाही, निदान मनासारखा मागवता तरी आला."

"आणि घोरायला कशाला लावलंत त्याला?"

"तू विचारायचीस म्हणून. तू रोज विचारायचीस, काय म्हणतात साहेब? मग काहीतरी म्हणायला हवं ना त्यांनी."

मी सूप ढवळत बसले. एक गोष्ट त्या दिवसापासून माझ्या मनात टोचत होती. मी दुपारी दाराशी होते. बाथरूम दाराच्या अगदी लगत आहे, मधे फक्त एक भिंत.

"ताई, मी पहिल्यांदा आले तेव्हा तुम्ही शुद्धीवर होतात का?"

"होते की. सगळं ऐकलं. छान झाडलंस त्याला."

"मग हाक का नाही मारलीत हो मला? एक हाक मारली असतीत तरी मी दार तोडलं असतं."

"मारली होती," त्या म्हणाल्या. "दोनदा मारली. पण तू त्याला बोलत होतीस ना, तुझ्या आवाजापुढे माझा कुठला पोचतोय. म्हटलं, बोलून घेऊ दे, थांबली की मारते. अंगात जेवढा जोर होता तेवढा गोळा करून वाट बघत होते. आणि तुझं बोलणं थांबलं, तेव्हा लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला."

सूप गार होत चाललं होतं आणि चमचा माझ्या हातात तसाच होता.